पावसाच्या उत्तरार्धात फुलणारी निर्गुडी : ती कधी छाटावी आणि मधमाश्यांसाठी का लावावी

सातारा-सांगलीकडे निर्गुडी माहीत नाही असे घर विरळाच सापडेल. ओढ्याच्या काठाला, शेताच्या बांधावर, जुन्या घराच्या परड्यात ती आपोआप उगवलेली असते, नाहीतर कुंपण म्हणून लावलेली असते. सांधे धरले की तिचा पाला गरम करून बांधायचा, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात टाकायचा, साठवणीच्या धान्यात कीड पडू नये म्हणून सुकलेला पाला पसरायचा, हे घरोघरी ठाऊक असते. गुरे आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तिच्याइतके बिनखर्चाचे झाड दुसरे नाही, हेही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एवढी ओळख असूनही निर्गुडी भरघोस फुललेली पाहिली आहे असे सांगणारे लोक फार थोडे भेटतात. झुडूप फुलत नाही असे मुळीच नाही. ते ज्या वेळी फुलण्याच्या तयारीत असते, नेमक्या त्याच वेळी आपण ते छाटत असतो. छाटणीची वेळ बदलली तर हेच दुर्लक्षित कुंपण श्रावणापासून दिवाळीपर्यंत जांभळ्या तुऱ्यांनी भरते आणि मधमाश्यांना त्यांच्या अडचणीच्या दिवसांत चारा पुरवते. छाटणीची वेळ का बदलायची हे समजण्यासाठी झाड फुलाची तयारी कशी करते ते आधी पाहिले पाहिजे.

निर्गुडीचे शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो असे असून ते कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये दिले. पूर्वी तिची गणना घाणेरीच्या कुळात होत असे. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला तुळशीच्या कुळात धरतात. तिच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, पाने समोरासमोर येतात आणि फुलाला दोन ओठ असतात, या तिन्ही खुणा तुळशीशी जुळतात. पान एका देठावर हाताच्या बोटांसारखे पसरलेले असते. त्याला तीन किंवा पाच पर्णिका असतात आणि मधली पर्णिका सर्वांत लांब असते. पान उलटून पाहिले तर खालची बाजू राखाडी-पांढरी दिसते, कारण तिच्यावर अतिशय बारीक लव असते, आणि या लवेमुळे उन्हात पानातून उडून जाणारे पाणी कमी होते. पान चुरगळले की येणारा उग्र वास त्यातील तेलाचा असतो, आणि शेळी तोंड फिरवते तीही याच वासामुळे.

रोपवाटिकेत निर्गुडी मागितल्यावर कधी कधी पानांच्या खालची बाजू गडद जांभळी असलेले, तीन पर्णिकांचे एक शोभेचे झुडूप हाती दिले जाते. ते निर्गुडीचेच भावंड आहे, पण रंगीत पानांसाठी सतत कातरून ठेवायचे म्हणून विकले जाते. आपल्याला हवी असलेली निर्गुडी ओढ्याकाठची, पांढुरक्या पानांची आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजण्याची सहसा गरज पडत नाही.

उशिरा फुलणे म्हणजे काय

आपल्याकडे झाडांच्या फुलोऱ्याचा मोठा हंगाम माघ ते वैशाखात येतो. पळस, पांगारा, काटेसावर, आंबा, जांभूळ, बहावा ही झाडे या काळात फुलतात आणि त्यांतील कित्येकांच्या अंगावर त्या वेळी पानही नसते. पान नसताना फूल येऊ शकते, कारण झाडाने मागच्या हंगामात साठवलेले अन्न त्याच्याजवळ असते. आंब्याचा मोहोर आधीच्या हंगामात वाढून पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. थंडीच्या तोंडावर ते शेंडे कापले तर त्या वर्षीचा मोहोरही त्यांच्याबरोबर जातो.

निर्गुडीची रीत वेगळी आहे. तिच्या जुन्या लाकडावरच्या डोळ्यात, म्हणजे पानाच्या बगलेतील कोंबात, फूल नसते, फक्त फुटवा असतो. वळवाच्या सरी पडल्या की हे डोळे फुटतात, त्यांतून नवी फांदी निघते, ती दोन-तीन महिने पाने काढत लांबत जाते, आणि पुरेशी वाढ झाल्यावर त्या नव्या फांदीच्या टोकाशी तुरा तयार होतो. आधी फांदी, मग फूल, असा हा क्रम असल्यामुळे तिच्या फुलोऱ्याला उशीर होणे अटळ आहे. पाण्याजवळच्या झुडपांवर तुरळक फुले वर्षात इतर वेळीही दिसतात, पण मुख्य बहर पावसाळ्याच्या मध्यावर सुरू होऊन थंडीच्या सुरुवातीपर्यंत चालतो.

तासगाव, पलूस, मिरज या भागांतील द्राक्ष बागायतदारांना हा फरक सर्वांत लवकर उमगेल, कारण काडीच्या डोळ्यात काय दडलेले आहे याचा विचार त्यांना दरवर्षी करावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या बुडाशी आखूड करण्याची छाटणी, घेतली की वेलीला नव्या काड्या येतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. घड प्रत्यक्ष दिसतो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, म्हणजे घड बाहेर यावेत म्हणून केलेल्या छाटणीनंतर. पण तो असणार की नसणार हे कित्येक महिने आधी, उन्हाळ्यातच ठरून गेलेले असते. म्हणूनच फळछाटणीला काडी किती डोळ्यांवर कापायची याची एवढी चिकित्सा होते. निर्गुडीच्या बाबतीत ही चिकित्सा लागत नाही. कुठल्याही डोळ्यावर कापले तरी चालते, कारण गमावण्यासारखे फूल आत नसतेच. चिकित्सा करायची ती फक्त एकाच गोष्टीची : छाटणीनंतर नव्या फांदीला वाढून तुरा काढण्याइतके दिवस मिळतात की नाही.

इथेच आपल्याकडची प्रथा आड येते. पावसाळ्यात कुंपण वाढते, फांद्या वाटेवर येतात, गणपतीच्या आधी अंगण नीटनेटके करायचे असते, म्हणून आषाढ-श्रावणात कोयता चालवला जातो. त्या वेळी प्रत्येक नव्या फांदीच्या टोकाशी तुऱ्याची तयारी झालेली असते किंवा होत आलेली असते. ती टोके कापल्यावर झुडूप पुन्हा पाने काढू लागते, दोन महिन्यांनी तुरा येण्याची वेळ होते, तेव्हा दिवाळीची साफसफाई येते आणि पुन्हा छाटणी होते. अशा कुंपणाला वर्षानुवर्षे फूल दिसत नाही.

छाटणीचे वेळापत्रक

मुख्य छाटणी फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, उरकावी. त्या वेळी बी पिकून गळालेले असते, झुडपाची वाढ मंदावलेली असते आणि कोरडवाहू जागी पानेही बरीच झडलेली असतात, त्यामुळे आतील सांगाडा स्पष्ट दिसतो. आधी वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. नंतर गेल्या वर्षी वाढलेल्या फांद्या, त्यांच्यावर पानांच्या दोन किंवा तीन जोड्यांच्या खुणा राहतील अशा बेताने आखूड कराव्यात. पाने समोरासमोर येत असल्यामुळे प्रत्येक कापाखाली डोळ्यांची जोडी असते आणि एका कापाला बहुधा दोन फुटवे मिळतात. छाटलेले झुडूप त्या दिवशी ओकेबोके दिसते आणि घरातली मंडळी झाड मारले म्हणून नाराज होतात, परंतु मे महिन्यात एखादा चांगला वळीव झाला की पंधरवड्यात ते हिरवे होऊ लागते.

नवे फुटवे वीतभर झाल्यावर एकदाच त्यांचे शेंडे नखाने खुडावेत. यामुळे एका फुटव्याच्या जागी दोन येतात आणि पुढे तुऱ्यांची संख्या वाढते. ही खुडणी मृग नक्षत्राच्या आसपास, उशिरात उशिरा जूनअखेर संपवावी आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. एखादी फांदी वाटेवर येत असेल तर तेवढीच काढावी. साऱ्या कुंपणाची हजामत करू नये. सुकलेले तुरे मात्र त्यांच्या खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडले तर चालते, किंबहुना खुडावेतच, कारण बी धरण्याकडे जाणारी ताकद त्यामुळे वाचते आणि खालच्या डोळ्यांतून लहान तुरे पुन्हा येण्याची शक्यता वाढते. औषधासाठी पाला लागतोच. तो मधल्या आणि खालच्या पानांचा घ्यावा, शेंडा मोडून घेऊ नये, एवढे घरच्या सर्वांना एकदा सांगून ठेवले की पुरे.

पानगळ आणि पाण्याचा हिशेब

निर्गुडीची पानगळ जागेप्रमाणे बदलते. कृष्णा-वारणेच्या काठी, जिथे मुळांना ओल सापडते, तिथे ती उन्हाळ्यातही बरीच हिरवी राहते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील मुरमाड रानात मात्र एप्रिल-मेमध्ये ती जवळजवळ निष्पर्ण होते. नव्याने लावलेल्या झुडपाची पाने अशी गळली की लोक घाबरून त्याला रोज पाणी घालू लागतात, आणि त्यातून खरे नुकसान होते. पानांतून पाणी बाहेर पडत असते म्हणून मुळे जमिनीतून पाणी ओढत असतात; पानेच नसतील तर ही ओढ जवळपास थांबते, घातलेले पाणी मातीत तुंबते, मातीतील हवा निघून जाते आणि मुळे कुजू लागतात. झुडूप जिवंत आहे का हे पाहायचे असेल तर फांदीची साल नखाने जराशी खरवडावी. आत हिरवी ओलसर कड दिसली तर झाड विश्रांती घेत आहे एवढेच समजावे.

पहिले दोन उन्हाळे मात्र काळजी घ्यावीच लागते, कारण मुळे अजून खोल गेलेली नसतात. आठ-दहा दिवसांतून एकदा, बुडापासून हातभर अंतरावर आळे करून, जमीन खोलवर भिजेल इतके पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिले तर मुळे वरच्याच थरात राहतात आणि पुढे कडक उन्हात झाड लवकर मान टाकते. आळ्यावर उसाचे पाचट अंथरले की ओल टिकते आणि तण कमी उगवते. आपल्या भागात पाचटाला तोटा नाही, ते जाळण्यापेक्षा इथे कामी येते. तिसऱ्या वर्षापासून सातारा, कराड, वाळवा या पट्ट्यात पावसाखेरीज वेगळे पाणी देण्याची गरज सहसा राहत नाही. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असणाऱ्या पूर्व भागात भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक पाणी दिले तर पुढची फूट जोमदार येते, परंतु तेही न दिल्याने झाड दगावत नाही.

फूल जवळून पाहताना

निर्गुडीचे एक फूल जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचे असते, म्हणून तुऱ्याकडे दुरून पाहिले की फिकट जांभळा धूर दिसावा तसे वाटते आणि बघणारा पुढे निघून जातो. हातात भिंग घेऊन सकाळी नऊच्या सुमारास एकच फूल पाहावे. वरचा ओठ लहान, दोन भागांचा असतो. खालचा ओठ तीन भागांचा असतो आणि त्याचा मधला भाग इतका पुढे आलेला असतो की माशीला उतरायला तो आयता ओटा मिळतो. घशाशी बारीक केस असतात. चार पुंकेसर वरच्या अंगाने बाहेर डोकावतात आणि त्यांच्याबरोबर, टोकाशी दोन फाटे असलेली स्त्रीकेसराची काडी असते. मध नळीच्या तळाशी, बीजकोशाच्या बुडाशी स्रवतो. माशी खालच्या ओठावर उतरून डोके आत घालते तेव्हा पुंकेसर तिच्या डोक्याला आणि पाठीला लागतात, परागकण तिथे चिकटतात, आणि पुढच्या फुलात शिरताना तेच कण तिथल्या दुभंगलेल्या टोकाला पोहोचतात. हे सारे एका फुलावर दोन-तीन सेकंदांत उरकते.

तुऱ्यातील सगळी फुले एकदम उमलत नाहीत. एकाच तुऱ्यात कळ्या, उमललेली फुले आणि हिरवी फळे एका वेळी दिसतात. म्हणून एक तुरा आठवड्यांमागून आठवडे थोडा थोडा चारा देत राहतो, आणि मधमाशीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा गुण आहे. दोन दिवसांत उमलून गळणाऱ्या भपकेबाज फुलांपेक्षा रोज भरवशाने मिळणारा थोडा मध आणि पराग वसाहतीला अधिक उपयोगी पडतो, कारण मधातून माश्यांना उडण्याची ऊर्जा मिळते, परागातून अळ्यांना प्रथिने मिळतात, आणि अळ्यांची भूक एक दिवसही थांबत नाही.

या तुऱ्यांवर सातेरी, म्हणजे पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्या येतात, नखाएवढ्या लहान फुलोरी माश्या येतात, आणि लाकूड पोखरून राहणारे काळे भुंगेही येतात. त्यांच्या वजनाने तुरा खाली वाकलेला दिसतो. पोटावर निळसर पट्टे असलेली, एका जागी क्षणभर तरंगून झेप घेणारी एकांडी माशीही थोडे थांबले तर दिसते. ही माशी पोळे करत नाही. ती जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. म्हणून झुडपाजवळची सगळी जमीन फरशीने किंवा आच्छादनाने झाकून टाकू नये, उन्हाकडची थोडी जागा उघडी ठेवावी. परागीभवनाची चर्चा आपल्याकडे मधाच्या पेट्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, पण परसातल्या भाजीपाल्याचे बरेचसे काम या पोळे न करणाऱ्या माश्या करतात.

चाऱ्याची तूट कधी पडते

महाबळेश्वर तालुक्यात मधपाळांची जुनी परंपरा आहे आणि तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिथल्या मधपाळाला विचारले तर तो सांगेल की जांभूळ आणि हिरडा फुलला की पेट्या भरतात, कारवी सामुदायिक फुलते त्या वर्षी तर विशेष, आणि पावसाळ्यात मात्र वसाहती जगवण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या माथ्यावर माशीला बाहेर पडायलाच उसंत मिळत नाही. पठारांच्या पूर्वेकडील उतारांवर, वाई, कोरेगाव, सातारा या भागांत पाऊस कमी आणि उघडीप जास्त असते. तिथे ऑगस्टपासून फुललेली निर्गुडी माशीला खरोखर उपयोगी पडते. महाबळेश्वरच्या माथ्यावर ती लावण्याचा आग्रह धरू नये, कारण तिला लागणारे ऊन तिथे त्या दिवसांत मिळत नाही.

सांगलीच्या सखल भागात तूट वेगळ्या कारणाने पडते. मैलोन्‌मैल ऊस आहे आणि उसापासून माशीला मिळण्यासारखे फारसे काही नाही. पूर्वी बांधावर बाभूळ, शेवरी, हेकळ असे काहीबाही असायचे. बांध अरुंद झाले तसे तेही गेले. खरिपात सूर्यफूल, पुढे तूर आणि करडई असे जिथे असेल तिथे चारा मिळतो, पण दोन पिकांच्या फुलोऱ्यामधले दिवस रिकामे जातात. सातेरी माशी साधारण एक ते दीड किलोमीटरच्या आत चारा शोधते, आणि लहान एकांड्या माश्यांचा पल्ला तर काहीशे मीटरच असतो. त्यामुळे तालुक्यात कुठेतरी फुले आहेत याचा त्यांना उपयोग नाही, ती याच शिवारात असावी लागतात. उत्तर चीनच्या डोंगरांत निर्गुडीचाच एक प्रकार इतका विपुल वाढतो की तिथल्या मधपाळांचा तो एक प्रमुख मधस्रोत आहे, यावरून या झुडपाची क्षमता लक्षात यावी.

घरच्या भाजीपाल्याला याचा थेट लाभ होतो. काकडी, कारले, भोपळा यांना नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलामागचे बोटाएवढे फळ पिवळे पडून गळू लागले की लोक खत कमी पडले असे समजतात, पण पुष्कळदा नर फुलातील पराग तिथे पोहोचलेलाच नसतो. आटपाडी आणि जतच्या डाळिंब बागांनाही मधमाश्यांची मदत लागते. द्राक्षाची गोष्ट निराळी आहे. थॉम्पसन आणि तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश यांसारख्या बिनबियांच्या जातींना मणी धरण्यासाठी माशीची गरज भासत नाही, आणि म्हणूनच द्राक्ष पट्ट्यात माश्या कमी झाल्याचे लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या शेजारी काकडीचा मांडव किंवा सूर्यफुलाचा तुकडा आहे, त्याला मात्र ते जाणवते.

फवारणीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर द्राक्षावर औषधांच्या फवारण्या सुरू होतात, आणि त्याच दिवसांत निर्गुडी फुलात असते. बागेच्या अगदी कडेला, जिथे फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने येतात, तिथे ती लावली तर आपण माश्यांना बोलावून विष पाजल्यासारखे होईल. अशा ठिकाणी ती घराजवळ, विहिरीपाशी किंवा बागेच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या, तुषार न पोहोचणाऱ्या बांधावर लावावी. फवारणी टाळता येत नसेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी आणि फुललेल्या बांधावर तिचा रोख जाऊ देऊ नये. निर्गुडीला स्वतःला औषधाची गरज क्वचितच लागते. पानांवर कधी बारीक फोडांसारख्या गाठी येतात, त्या अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे झालेल्या असतात. दिसायला त्या वाईट, पण झाडाला त्यांनी विशेष बाधा होत नाही. फारच वाटले तर तेवढी पाने तोडून टाकावीत.

लागवड

लागवडीसाठी बी पेरण्यापेक्षा काडी लावणे सोपे आहे. आधी आसपासच्या निर्गुड्यांकडे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लक्ष ठेवावे आणि ज्या झुडपाचे तुरे लांब, भरगच्च आणि गडद रंगाचे असतील त्याला खूण करून ठेवावी, कारण काडीपासून वाढलेले झाड हुबेहूब मूळ झाडासारखे होते. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर त्या झुडपाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व काड्या घ्याव्यात. काडी वीतभर लांबीची, किमान चार पेऱ्यांची असावी. तिचे खालचे टोक पेऱ्याच्या लगेच खाली तिरके कापावे आणि वरचे सरळ कापावे, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन पेरी मातीत आणि दोन वर राहतील अशी ती पिशवीत किंवा थेट जागेवर खोचून भोवतालची माती घट्ट दाबावी. काड्या थोड्या जास्तच लावाव्यात. बऱ्याच जगतात, पण सगळ्या जगतील असे धरून चालू नये.

जागा निवडताना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल हे पाहावे. घराच्या सावलीत किंवा आंब्याखाली ती वाढते, पण फुलांच्या नावाने पानेच पाहावी लागतात. सुटे झुडूप लावायचे तर भोवती दोन-अडीच मीटर मोकळी जागा ठेवावी, आणि कुंपणासाठी दोन झुडपांत पाऊण ते एक मीटर अंतर पुरते. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन निघालेल्या मातीत दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून तिथे खड्ड्याऐवजी वरंब्यावर लागवड करावी. क्षारपड झालेल्या पट्ट्यात आधी निचऱ्याची सोय करावी, मग झाडांचा विचार करावा. मुरमाड जमीन तिला मानवते. युरियासारखे नत्राचे खत देऊ नये, त्याने लांबलचक लुसलुशीत फांद्या येतात आणि तुरे कमी येतात. वर्षातून एकदा, उन्हाळी छाटणीनंतर, शेणखत दिले की भागते.

फुलपाखरे येतात म्हणून घाणेरी राखावी असा सल्ला अजूनही ऐकू येतो, आणि तो मला मुळीच पटत नाही. घाणेरी मूळची अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आली आणि आज आपल्या डोंगरउतारांवर तिने गवताची जागा गिळली आहे. निर्गुडी इथलीच आहे आणि इथल्या किडा-मुंग्यांच्या सवयीची आहे. मात्र इथली असली तरी ती कासच्या पठारावर किंवा तशाच सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट माथ्यांवर, नेऊन लावू नये, कारण तिथली फुले उथळ मातीची आणि उघड्या उन्हाची आहेत, आणि कोणत्याही झुडपाची सावली त्यांना मारक ठरते. तिची जागा बांध, ओढाकाठ आणि परसबाग ही आहे. शेजारी अडुळसा लावला तर निर्गुडीचा बहर ओसरता ओसरता तो फुलू लागतो, आणि उताराच्या जागी धायटी असेल तर तिची लाल फुले उन्हाळ्याच्या तोंडावर शिंजिरांना आणि माश्यांना दोघांनाही चालतात.

ज्यांच्या बांधावर आधीच जुने, खाली बुंधे झालेले आणि वरच तेवढे पान धरणारे निर्गुडीचे कुंपण आहे, त्यांनी नव्या लागवडीच्या भानगडीत न पडता तेच तरुण करून घ्यावे. निर्गुडी बुडापासून कापली तरी पुन्हा जोमाने फुटते. पण सारे कुंपण एका उन्हाळ्यात कापले तर त्या वर्षी आडोसाही जातो आणि बुडातून आलेल्या फुटव्यांचा जोर उंच वाढण्यातच खर्च होऊन तुरे कमी मिळतात. म्हणून प्रत्येक झुडपाचे सर्वांत जाड असे एक तृतीयांश बुंधे पहिल्या वर्षी मार्चमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावेत, दुसऱ्या वर्षी दुसरे, तिसऱ्या वर्षी उरलेले. कापलेल्या जागी येणाऱ्या फुटव्यांतील चार-पाच जोमदार तेवढे राखून बाकीचे काढावेत. अशा रीतीने तीन वर्षांत कुंपण बुडापासून नवे होते, मधल्या प्रत्येक पावसाळ्यात त्यावर फुले असतात, आणि कापलेले सरळ बुंधे पुढच्या हंगामात कारल्या-दोडक्याच्या मांडवाला उपयोगी पडतात.